मुरूम, गोटे आणि चुनखडी: दगडाचं विदारण पाहताना या चुका टाळा

मुलांना क्षेत्रभेटीसाठी मुरमाच्या खाणीवर नेलं, की एक प्रश्न हमखास येतो: "सर, इथून आधी नदी वाहायची का?" समोरच्या कापात डोक्याएवढे गोल धोंडे एकावर एक बसलेले असतात, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. पण गोल दिसला म्हणजे नदीचा गोटा, ही आपल्या खान्देशातली सगळ्यात मोठी गफलत.

आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. थंड होताना तो आकसला आणि त्याला उभ्या-आडव्या चिरा पडून ठोकळे झाले. या चिरांतून पाणी उतरतं. ठोकळ्याच्या सपाट अंगाला ते एकाच बाजूने भिडतं, कडेला दोन बाजूंनी आणि कोपऱ्याला तीन. म्हणून कोपरे आधी कुजतात. ठोकळा हळूहळू गोल होतो, त्यावर कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि पोटात टणक काळा गाभा उरतो. ओळखायचं कसं? बोटाने पापुद्रा निघतो का ते बघा. दोन धोंड्यांमधली चीर पुढे सरळ जाते का, तेही बघा. दोन्ही असेल तर दगड जागचा हललेला नाही. नदीचा गोटा घोटून गुळगुळीत झालेला असतो, त्याला असे पापुद्रे नसतात आणि आजूबाजूला वाळू सापडते.

दुसरी चूक विदारण आणि धूप एकच मानण्याची. दगड जागच्या जागी फुटला, कुजला, की ते विदारण. तो भुगा पाण्याने वाहून नेला, की धूप. टेकडीच्या उतारावर विहीर खणताना वर बरड माती, मग मुरूम, मग कच्चा दगड आणि तळाला पक्का पाषाण लागतो. ही एकाच दगडाची उतरंड आहे. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात मात्र खोल विहिरीतही माती, वाळू, गोटे यांचे थर लागत राहतात. ती माती सातपुड्यातून आणि तापीच्या वरच्या अंगाने आलेली. तिला खालच्या दगडाची माती म्हणणं चूक आहे.

तिसरी चूक सगळं श्रेय उन्हाला देण्याची. भुसावळ-जळगावचा मे महिना 45 अंशांना टेकतो, त्यामुळे "उन्हाने दगड तडकतो" हे पटकन पटतं. 1936 साली अमेरिकन भूवैज्ञानिक डेव्हिड ग्रिग्ज यांनी ग्रॅनाइटचा तुकडा 89,400 वेळा तापवून थंड केला, म्हणजे जवळपास 244 वर्षांचे दिवस-रात्र. कोरड्या तुकड्यावर काहीच फरक दिसला नाही. थंड करताना पाणी वापरलं, तेव्हा मात्र थोड्याच फेऱ्यांत पृष्ठभाग खराब होऊ लागला. उन्हाचा वाटा शून्य नाही, पण पाण्याशिवाय गणित सुटत नाही. म्हणून मुलांना मे महिन्यापेक्षा दिवाळीच्या आसपास खाणीवर न्यावं, असं मला वाटतं. चिरांतली ओल तेव्हा डोळ्यांनी दिसते.

चिरेत पाणी गोठून दगड फुटतो, हे उदाहरण हिमालयासाठी ठेवा. सातपुड्यात एखाद्या पहाटे दव गोठलं तरी त्याने आपले डोंगर फुटलेले नाहीत.

आता लिंबाचा प्रयोग. लिंबाच्या आम्लाने कार्बोनेटच्या रूपातल्या चुन्यावर फेस येतो, हे त्यात बघायचं असतं. दगडावर लिंबू पिळलं आणि फेस आला नाही, म्हणून बरेच जण प्रयोग फसला समजतात. बेसॉल्टवर फेस येतच नाही, कारण त्यात चुना कार्बोनेटच्या रूपात नसतो. तो खनिजात बांधलेला असतो, पाणी तो सोडवतं आणि पाऊस कमी असल्याने तो पूर्ण वाहून न जाता मातीत चुनखडीचे खडे होऊन बसतो. म्हणून शेतातला तसा खडा घ्या, खिळ्याने थोडी पूड काढा, तिच्यावर रस टाका आणि कान जवळ न्या. बारीक चुरचुर ऐकू येईल. काळ्या दगडावरही बुडबुडे आले, तर त्याच्या भोकांत पांढरं कॅल्साइट, म्हणजे कार्बोनेटच्या रूपातला चुना, भरलेलं आहे का ते तपासा. दगड फोडून आतल्या ताज्या काळ्या भागावर रस टाकला, की खात्री होईल.