पत्र्यावर आवाज उमटवताना

आवाजाने थरथरणाऱ्या पत्र्यावर रेतीच्या रेषांच्या आकृत्या उमटवायच्या आहेत. त्यासाठी १ मिलिमीटर जाडीचा, २४ सेंटिमीटर बाजूचा चौरस, ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा घ्या. बरोबर मध्यावर भोक पाडून तो व्हायब्रेशन जनरेटरच्या (दिलेल्या सुराप्रमाणे दांडा थरथरवणाऱ्या यंत्राच्या) दांड्यावर नट-बोल्टने घट्ट बसवा. जनरेटरला छोटा ॲम्प्लिफायर आणि मोबाइलवरचं टोन जनरेटर (हवा तो सूर वाजवणारं) ॲप जोडा. पत्रा लेव्हलने तपासा. जरासा कलला तरी रेती एका कडेला गोळा होते.

रेती बारीक चाळलेली आणि कोरडी ठाक हवी. मीठही चालतं, पण दमट हवेत त्याचे खडे होतात. चिमूटभरच भुरभुरवा, थर जाड झाला की रेषा फुगतात.

आवाज कमी ठेवून १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) सुरापासून हळूहळू वर चढा. बराच वेळ रेती नुसती थरथरते. मग एका सुराला पत्रा एकदम मोठ्याने गातो आणि कण उड्या मारत पत्र्याच्या न थरथरणाऱ्या, स्थिर जागांवर जाऊन बसतात. तिथेच थांबून एकेक हर्ट्झ पुढेमागे करा. घाई केली की नेमकी हीच आकृती हुकते. (१७८७ साली जर्मन शास्त्रज्ञ क्लाड्नी यांनी अशा आकृत्या प्रसिद्ध केल्या, त्या व्हायोलिनच्या गजाने काढलेल्या.)

खडखड ऐकू आली तर नट ढिला आहे. आकृती एका बाजूला ओढली जात असेल तर भोक मध्यापासून सरकलंय किंवा पत्रा वाकलाय. वाकलेला पत्रा ठोकून सरळ करू नका, नवीनच कापा.