नाशिकमध्ये डर्मॅटोमायोसायटिसचे पेशंट किती, हा अंदाज घरी बसून कसा काढायचा

वहिनीला डर्मॅटोमायोसायटिस, म्हणजे कातडीवर चट्टे आणि स्नायूंना दाह होणारा आजार, निघाला तेव्हा दादाचा पहिला प्रश्न, अख्ख्या नाशकात हे आपल्याच घरी आलं का रे? गुगलवर नाशिक टाकून काही हाती लागलं नाही, मग मीच मोबाईलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

आधी दोन आकडे वेगळे धरा, इथेच सगळ्यांचा घोळ होतो. वर्षाला नवीन किती निघतात हा एक, आणि आजार घेऊन सध्या किती जण जगतायत हा दुसरा. आजार वर्षानुवर्षं चालतो त्यामुळे दुसरा आकडा कायम मोठाच येणार.

आता दर. अमेरिकेत मिनेसोटाच्या ओल्मस्टेड काउंटीत 1976 ते 2007 चे रेकॉर्ड तपासले होते, तिथे 10 लाखांमागे वर्षाला साधारण 10 नवीन आणि एकूण पेशंट लाखाला 21 च्या आसपास. 2011 च्या जनगणनेत नाशिक जिल्हा 61 लाख, म्हणजे गुणाकार केला की वर्षाला 60 एक नवीन आणि एकूण तेराशेच्या घरात. लहान मुलांना मात्र हा दर लावू नका, त्यांच्यात 10 लाख मुलांमागे वर्षाला 2 ते 4 च धरतात.

पण ते तेराशे लगेच फॅमिली ग्रुपवर टाकू नका हं. तिथली वस्ती बहुतेक गोरी, शिवाय स्नायू ठीक आणि नुसते चट्टे असलेलेही त्यांनी मोजलेत, पाचात एक तसा होता. बऱ्याच ठिकाणी लाखाला 1 ते 6 असंच लिहिलेलं असतं, त्या हिशोबाने जिल्ह्यात 60 ते 360. आणि ऊनही आहेच मध्ये, युरोपात उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे जास्त उन्हाकडे येताना स्नायूंच्या दाहाच्या पेशंटमध्ये या आजाराचं प्रमाण वाढत जातं असं दिसलंय, त्यामुळे परदेशी दर आपल्याला जसाच्या तसा बसेलच असं नाही.

एखाद्या डॉक्टरांना विचारून ताळा करायचा असेल तर "किती पाहिले" एवढ्यावर थांबू नका, पेशंटचा पत्ता कुठला तेही विचारा. धुळे-नंदुरबारचे लोक नाशकात दाखवायला येतात आणि आपले निम्मे मुंबई-पुण्याला पळतात.

आणि न सापडलेले? पुस्तकात पापण्या जांभळ्या लिहिलंय, सावळ्या कातडीवर ते नुसतं काळवंडल्यासारखं दिसतं. बोटांच्या पेरांवरचे उंचवटे बघा, मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येतं का बघा, आणि सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणाऱ्या एन्झाइमची रक्ततपासणी) करून घ्या, पण तो नॉर्मल आला म्हणून विषय संपवू नका. वहिनी दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत जायची, सगळे म्हणाले उन्हाची अ‍ॅलर्जी, मग वांग म्हणून सहा महिने क्रीम लावलं, शेवटी वेणी घालायला हात वर जाईना तेव्हा कळलं. ते सहा महिने ती कोणाच्याच मोजणीत नव्हती, म्हणून दादाला मी खालचा 60 सांगितलाच नाही, "काहीशे तरी असतील" म्हटलं.