वाढलेले फळझाड हलवताना या चुका टाळा

रोप लावले तेव्हा गुडघ्याएवढे होते. आता फांद्या भिंतीला घासतात, सावलीमुळे फळ धरत नाही. मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी कुदळ-फावडे बाहेर निघते आणि झाड त्याच दिवशी खणून काढले जाते. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

पाणी शोषणारी तंतुमुळे बहुतेक खोडापासून लांब, फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही पलीकडे पसरलेली असतात. एकदम खणले की ती जुन्या जागीच राहतात. म्हणून निदान 3-4 महिने आधी खोडाभोवती गोल चर खणावा, मुळे धारदार हत्याराने साफ तोडावीत, चर पुन्हा मातीने भरून पाणी देत राहावे. तोडलेल्या टोकांना नवी तंतुमुळे फुटतात. झाड काढताना चराच्या थोडे बाहेरून खणायचे, नाहीतर हीच नवी मुळे कापली जातात.

मुळांसकट निघणारा मातीचा गोळा, म्हणजे गड्डा, छोटा काढायचा मोह होतो. खोडाच्या जाडीच्या 10 ते 12 पट रुंदी धरा, म्हणजे 6 सेंमी खोडाला 60 ते 70 सेंमी. एवढ्या मातीचे वजन सहज 200 किलोच्या घरात जाते. ‘दोघे मिळून उचलू’ म्हणणारे शेवटी खोड धरून ओढतात आणि माती ढासळते. गड्डा गोणपाटात आवळून बांधा, खाली फळी सरकवा आणि फळी ओढा.

पानगळीचे झाड निष्पर्ण असताना हलवावे, सदाहरित झाड नव्या पालवीच्या आधी, कडक ऊन टाळून. डाळिंब, अंजीर बरेच सोसतात. पपईच्या मात्र नादी लागू नये, नवी लावलेली बरी.

नवा खड्डा गड्ड्यापेक्षा रुंद हवा, खोल नको. खोडावरची मातीची जुनी खूण जमिनीच्या पातळीला आली पाहिजे आणि कलमाचा जोड वर राहिला पाहिजे. खड्ड्यात खत ओतू नका, निघालेली मातीच परत भरा.

पाने मलूल झाली की लोक आळ्यात पाणी ओततात. आधी गड्ड्यात बोट खुपसून पाहा. भोवतालची माती ओली आणि गड्डा कोरडा, असे पुष्कळदा असते. तेव्हा खोडालगत सावकाश पाणी द्या. गड्डाच चिकट ओला असेल तर पाणी थांबवा, मुळे गुदमरत आहेत. फांदी मेली वाटली तर नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवे दिसले तर ती जिवंत आहे, कापू नका.

पहिल्या वर्षी धरलेली फळे लहान असतानाच खुडावीत. जिवावर येते खरे. आधाराची काठी ढिली बांधा आणि वर्षभराने काढा. दोरी सालीत रुतलेली झाडे मी बरीच पाहिली आहेत.