बायपोलर आजारात ऊन, मळभ आणि उकाडा कसा सांभाळावा

बायपोलर म्हणजे मन कधी नैराश्यात, तर कधी उन्मादात म्हणजे अतिउत्साहात जाणारा आजार. ऋतू बदलला की तो असलेल्या माणसाचे मन बदलते, हा घरच्यांचा भास नसतो. डोळ्यांवाटे येणारा प्रकाश मेंदूतल्या जैविक घड्याळाला वेळ सांगतो आणि या आजारात ते घड्याळ सहज विस्कटते. मुंबईत वर्षातल्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत जेमतेम सव्वादोन तासांचा फरक पडतो, लंडनमध्ये मात्र जवळपास नऊ तासांचा. म्हणून तिकडे नव्याने गेलेल्यांनी पहिला हिवाळा आणि त्यानंतरचा वसंत विशेष जपावा.

सुरुवात एका साध्या वहीपासून करावी. रोज रात्री एकच ओळ लिहावी : ‘१२ एप्रिल, झोप ४ तास, थकवा नाही, सकाळी तासभर उन्हात, मन +२.’ (शून्य म्हणजे नेहमीचे मन, अधिक म्हणजे चढलेले, उणे म्हणजे खचलेले.) या ओळीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते ‘थकवा नाही’ हे शब्द, कारण झोप कमी होऊनही उत्साह वाढत जाणे ही उन्मादाची आगाऊ सूचना असते. अशा दोन रात्री लागोपाठ गेल्या, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा आणि संध्याकाळपासून दिवे मंद करून मोबाईल दूर ठेवावा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आठवडाभर मळभ राहिले तरी उघडीप मिळताच बाहेर पडावे. ढगाळ आभाळाचा उजेडही ट्यूबलाइटच्या खोलीपेक्षा कितीतरी अधिक असतो. नैराश्यावर वापरला जाणारा प्रकाशोपचाराचा प्रखर दिवा मात्र स्वतःहून आणू नये. त्याने नैराश्य हटण्याऐवजी उन्माद उसळू शकतो.

लिथियम हे मन स्थिर ठेवणारे औषध घेणाऱ्यांसाठी खरा धोका वैशाखातला आहे. घामावाटे पाणी व मीठ गेले की मूत्रपिंडे लिथियम अडवून धरतात आणि रक्तातली पातळी विषारी होऊ शकते. म्हणून पाणी नियमित प्यावे, मीठ एकाएकी बंद करू नये, निर्जळी उपवास टाळावा, आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांनीही ही पातळी वाढते. उन्हाळ्याच्या तोंडावर रक्ततपासणीबद्दल आवर्जून विचारावे. पेला धरताना हात जोरात थरथरू लागला, उलट्या-जुलाब सुरू झाले, तोल जाऊ लागला किंवा जीभ जड झाली, तर थेट रुग्णालय गाठावे आणि लिथियम चालू असल्याचे तिथे पोहोचताच सांगावे.