घरांची अदलाबदल करून सुट्टीला जाताना बॅग कशी भरावी

आमचा पुण्यातला फ्लॅट तीन आठवडे एडिंबराच्या एका जोडप्याला दिला आणि आम्ही त्यांच्या घरी जाऊन राहिलो. भाडं नाही, घराच्या बदल्यात घर. अशा सुट्टीची बॅग नेहमीच्या सवयीने भरली, तर निम्मं ओझं उगाच होतं. टॉवेल, चादरी, इस्त्री, भांडी तिथे असतातच. नसतं ते फक्त आपल्या सवयीचं.

म्हणून महिनाभर आधी व्हिडिओ कॉल करा आणि कपाटं उघडून एकमेकांना स्वयंपाकघर दाखवा. शेगडी कसली आहे हे विचारायला अजिबात विसरू नका. इंडक्शन असेल तर आपला साधा ॲल्युमिनियमचा कुकर तिथे तापतच नाही. इंडक्शनवर चालणारा छोटा स्टीलचा घ्या. शिट्टी फडक्यात गुंडाळून कुकरच्या आतच ठेवा, सुटी ठेवली की ती घरीच राहते. उरलेल्या जागेत गोडा मसाला, मेतकूट, भाजणीची पाकिटं छान बसतात. तूप, पेढे, खवा मात्र नको. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही राहू द्या. आणि एक प्लॅस्टिकचा मग नक्की घ्या. तिकडच्या बाथरूममध्ये बादली-मग सहसा नसतो, पहिल्याच सकाळी त्याची किंमत कळते.

वॉशिंग मशीन घरातच असतं, बहुतेकदा स्वयंपाकघरात. त्यामुळे तीन आठवड्यांनाही पाच दिवसांचे कपडे पुरतात. मे महिन्यात एडिंबरात दुपारी साधारण १४-१५ अंश आणि वर वारा, तेव्हा एका जाड कोटापेक्षा दोन पातळ स्वेटर आणि टोपीचं रेनकोट-जॅकेट बरं. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा एकच ॲडाप्टर आणि आपला एक्स्टेंशन बोर्ड. पॉवर बँक हँडबॅगेतच.

आता दुसरी, मोठी तयारी: आपलं घर रिकामं करणं. एक अख्खं कपाट आणि फ्रिजचे दोन कप्पे पाहुण्यांसाठी मोकळे करा. दागिने, कागदपत्रं एकाच कपाटात घालून कुलूप लावा. डब्यांवर नावं लिहा, साखर आणि मीठ तर आधी. एका वहीत गीझरचं बटण, पाण्याची वेळ, गॅसचा रेग्युलेटर, ओला-सुका कचरा, कामाच्या मावशी कधी येतात, हे सगळं लिहून ठेवा.

पाहुणे परदेशी असतील तर ते आल्यापासून २४ तासांच्या आत त्यांच्या मुक्कामाची माहिती देणारा सरकारी फॉर्म (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) ऑनलाइन भरणं घरमालकाला बंधनकारक आहे. त्यासाठीची नोंदणी निघण्याआधीच करून घ्या. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रतीही आधीच मागवा.

किल्ल्यांचा संच शेजारच्या काकूंकडे द्यायच्या आधी प्रत्येक किल्ली स्वतः लावून दार उघडून बघा. नवी करून घेतलेली किल्ली पुष्कळदा अडते.