अथणीच्या द्राक्षबागा आणि कृष्णाकाठ : भेट कशी आखावी

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या अथणी तालुक्यात कृष्णेच्या काठाने उसाचे फड आहेत आणि नदीपासून पूर्वेला, तेलसंगच्या हलक्या रानात, द्राक्षबागा आहेत. दोन्ही निवांत पाहायचे असेल, तर एक मुक्काम धरूनच निघावे.

सर्वप्रथम महिना ठरवावा. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (वेलीच्या फांद्या खोलवर कापणे) आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी (घड धरण्यासाठीची छाटणी) होते, त्यामुळे वेलीवर भरलेले घड पाहायचे तर फेब्रुवारी-मार्च गाठावा. पावसाळ्यात जाऊ नये. कृष्णा आणि दूधगंगा फुगल्या की कल्लोळ-यडूरसारखे सखल पूल पाण्याखाली जातात. माघी पौर्णिमेच्या आसपास चिंचलीला मायाक्कादेवीची यात्रा भरते, शांतता हवी असल्यास तेवढे दिवस टाळावेत.

मिरज-बेळगाव रेल्वेमार्गावरील शेडबाळ किंवा उगार खुर्द स्थानकावर उतरता येते. पहिला दिवस नदीला द्यावा आणि यडूरला वीरभद्राचे दर्शन घेऊन उन्हे कलेपर्यंत काठावर बसावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेकडे निघावे, मात्र मालकाला विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. या भागात मराठी पुष्कळांना समजते, तरी कन्नडमधल्या आदरार्थी 'री'सह 'नमस्कार री' म्हणून सुरुवात केली की बोलणे मोकळे होते. दुसऱ्या बागेतून थेट आला असाल तर तसे सांगावे, कारण कपड्यांना चिकटून मिलीबग (पिठ्या ढेकूण ही कीड) एका बागेतून दुसरीत जाऊ शकतो. घडाला हात लावू नये. मण्यांवर मेणाचा पांढुरका थर असतो, तो बोटाने पुसला गेला की माल शिळा दिसतो आणि वर्षभर राबलेल्या माणसाचा भाव पडतो. औषध मारलेले असू शकते, म्हणून तोडून खाऊही नये. मालकाने दिले तर धुऊन खावे.

त्यानंतर बेदाणा शेड, म्हणजे द्राक्षे वाळवून बेदाणा करण्याची जागा, अवश्य पाहावी. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवले की तोच मेणाचा थर सैल होतो, सालीतून पाणी लवकर निघते आणि सावलीतल्या जाळ्यांवर साधारण 15 दिवसांत बेदाणा तयार होतो. जाळीजवळ वाकून पाहिल्यास एकाच थरात हिरवे, पिवळसर आणि सुरकुतलेले मणी दिसतात. याच दिवसांत अवकाळी पाऊस आला तर बेदाणा काळा पडतो, त्यामुळे आभाळ भरून आले असेल तेव्हा शेतकऱ्याला प्रश्न विचारत थांबवू नये.

निघताना बेदाणा शेडवरच विकत घ्यावा आणि सांगितलेला भाव घासाघीस न करता द्यावा.