ज्येष्ठ लोककलावंताचे पद्म पुरस्कारासाठी नामांकन कसे करावे

कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या ज्येष्ठ लोककलावंताच्या आयुष्यभराच्या साधनेचा सन्मान व्हावा असे मनापासून वाटत असेल, तर बड्या व्यक्तीच्या शिफारशीसाठी थांबू नये. राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर कोणताही नागरिक पद्म पुरस्कारासाठी नामांकन करू शकतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली, तर आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गातील पिंगुळीचे, ठाकर आदिवासी समाजातील चित्रकथीकार परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आधी कलावंताची संमती घ्यावी आणि या पुरस्कारासोबत रोख रक्कम मिळत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगावे. हलाखीत दिवस काढणाऱ्या माणसाला खोटी आशा लावणे योग्य नाही. राज्य शासनाच्या मानधन योजनेचा अर्ज वेगळा असतो आणि माझ्या मते तो अगोदर भरावा.

खरी मेहनत आहे ती कार्याचा परिचय लिहिण्यात, कारण त्याला आठशे शब्दांची मर्यादा असते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याच्या उधळणीत ढोल वाजवत आलेल्या, धनगरी ओव्या मुखोद्गत असलेल्या वृद्धाला साल विचारले तर बहुधा सांगता येणार नाही. अशा वेळी कोयनेचा भूकंप (१९६७), बाहत्तरचा दुष्काळ, २००५ आणि २०१९ चे महापूर यांच्या आधी की नंतर, असे विचारत गेल्यास वर्षे आपोआप जुळत जातात. ओवी कोणाकडून शिकले, गजानृत्यात कोणाला तयार केले, त्यांच्याखेरीज आज कोणालाच येत नाही असे काय आहे, हे नेमके लिहावे. ‘थोर’, ‘महान’ ही विशेषणे गाळावीत. तेवढ्या जागेत एका शिष्याचे नाव बसते.

आधार कार्डावरील नाव आणि अर्जातील नाव अक्षरशः जुळवून घ्यावे. अंतिम मुदत दरवर्षी बदलू शकते, म्हणून ती पोर्टलवरच पाहावी. तमाशा कलावंतांसाठी राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार स्वतंत्र आहे. पद्म पुरस्कारांची घोषणा प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला होते. यादीत नाव आले नाही, तरी तयार केलेल्या परिचयाची छापील प्रत कलावंताच्या घरी द्यावी आणि पुढील वर्षी त्यात भर घालून पुन्हा नामांकन करावे.